गणेशच्या नावानं

२८ डिसेंबर २०१५च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त फेसबुकच्या मार्क झकरबर्गचा लेख आला होता. त्या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी भेटतो. नाव गणेश. आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. हा गणेश फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ वापरायला लागला, हवामान बघून त्यानं पावसाळ्याची तयारी केली, बाजारभाव बघून चांगला सौदा केला आणि आता तो नवी पिकं, जनावरं यांत पैसा घालतो आहे. गणेशची शेती सुधारली तर त्यात इंटरनेटचं काय वाईट झालं, असा झकरबर्गचा सवाल होता.

आपल्याकडच्या कुठल्याही माणसानं आधी विचारलं असतं, गणेश कुठला? पीक कुठलं, बाजार समिती कुठली? २०१५ हे मराठवाड्याचं लागोपाठ दुसरं दुष्काळी साल. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. अशा वर्षात मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहून शेतकऱ्याचं भलं झालं, हे वाक्य दुष्काळी गावात बसून लिहिता आलं नसतं. पण गणेश खरा की खोटा, यात मला फारसा रस नाही. एका जागतिक भांडणात त्याला साक्षीला उभं केलं होतं, हे महत्त्वाचं. भांडण असं, की इंटरनेटचा कारभारी कोण? सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, की वापरणारी माणसं?

हे भांडण जिनिव्हा, ट्युनिस, दुबई, साओ पावलो अशा ठिकाणी वातानुकूलित सभागृहांत चालतं. भारतातला त्याचा एक ठळक पत्ता मात्र बंगळुरूच्या इंदिरानगरचा आणि त्याला खेटून असलेल्या डोमलूरचा आहे.

मराठी माणसाला इंदिरानगर माहीत असतं ते बहुधा राहुल द्रविडमुळे. २०२१च्या एका जाहिरातीत आपला शांत, सोशीक द्रविड रहदारीत अडकून खवळतो, शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि आपण इथले गुंड असल्याचं ओरडून सांगतो. इथं प्रत्यक्ष गेलं की त्याचा राग पटतो. हंड्रेड फीट रोडवर संध्याकाळी गाडी चालवणं म्हणजे गाडीत बसून राहणंच. बंगलेवाल्या शांत लेआउटचं बघता बघता उपाहारगृहं, पब आणि कपड्यांच्या दुकानांचं गाव झालं. २०११ साली ‘नम्म मेट्रो’चा अगदी पहिला टप्पा इथूनच गेला, तेव्हापासून सीएमएच रोडही कायमचा बदलला. मात्र मुख्य रस्ता सोडून एचएएल दुसऱ्या स्टेजच्या आतल्या क्रॉसमध्ये शिरलं की झाडं भेटतात, फाटकावर झोपलेली कुत्री भेटतात आणि जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर छोटी छोटी ऑफिसं. सॉफ्टवेअरवाल्यांचे मेळावे भरवणाऱ्या ‘हॅसगीक’चं घर याच भागातलं. ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’, म्हणजे सीआयएस, ही २००८ साली सुरू झालेली संस्था अनेक वर्षं डोमलूर दुसऱ्या स्टेजमध्ये होती, पुढे काही काळ इंदिरानगरात.

२०१५चा मार्च महिना. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम रद्द केलं. ते प्रकरण सुरू झालं होतं आपल्या पालघरमधून. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते ‘लाइक’ केलं, आणि दोघींना अटक झाली. त्या निकालाची शाई वाळते न वाळते तोच, २७ मार्चला, दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं ११८ पानांचं एक सल्लापत्र काढलं. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवांना परवाना लावावा का, मोबाइल कंपन्यांनी त्यांच्यासाठी वेगळा दर घ्यावा का, असे एकूण २० प्रश्न त्यात होते. एअरटेलनं आदल्याच डिसेंबरात इंटरनेट कॉलला वेगळे पैसे लावायची घोषणा करून ती मागे घेतली होती. ६ एप्रिलला त्याच कंपनीनं ‘एअरटेल झीरो’ आणलं. ॲपवाल्यानं कंपनीला पैसे मोजायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट दिसायचं. ज्याच्याकडे मोजायला पैसे नाहीत, त्याचं ॲप ग्राहकाच्या खिशातून.

११८ पानं कोण वाचणार? सरकारी सल्लापत्राला एरवी कंपन्यांचे वकील उत्तर देतात, चार-दोन संस्था देतात आणि काम भागतं. इथं वेगळं घडलं. बंगळुरू, दिल्ली, मुंबईतल्या काही स्वयंसेवकांनी एक संकेतस्थळ उभं केलं. त्यांत हॅसगीकचे किरण जोन्नलगड्डा होते, ‘मीडियानामा’चे निखिल पाहवा होते, वकील होते, प्रोग्रॅमर होते. कल्पना अगदी साधी. वीसही प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवायची, बटण दाबलं की तुमच्या स्वतःच्या मेलमध्ये ती भरलेली दिसायची, हवं ते बदला, खाली सही करा, पाठवा. स्वतःच्याच पत्त्यावरून, म्हणजे सरकारला ते एका संस्थेचं गठ्ठा निवेदन म्हणून बाजूला सारता येऊ नये. ११ एप्रिलला ‘एआयबी’ या मुंबईच्या विनोदी मंडळींचा व्हिडिओ आला आणि बांध फुटला. दहा लाखांवर मेल गेले. १४ एप्रिलला फ्लिपकार्टनं ‘एअरटेल झीरो’तून अंग काढून घेतलं. ट्रायनं पुढे हे सगळे मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या संकेतस्थळावर टाकून दिले. पारदर्शकतेची इतकी हौस आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या कार्यालयानं दाखवल्याचं आठवत नाही.

फेसबुकनं यातून धडा घेतला, पण चुकीचा. त्याचं ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ फेब्रुवारी २०१५मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आलं होतं. टीका झाल्यावर सप्टेंबरात त्याचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. सुविधा अशी की निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. निवड करण्याच्या अटी फेसबुकच्या. ९ डिसेंबरला ट्रायनं वेगवेगळ्या दरांबद्दल दुसरं सल्लापत्र काढलं, त्यात चारच प्रश्न होते. फेसबुकनं आपल्या कोट्यवधी वापरणाऱ्यांना खिडकी उघडून दिली: बटण दाबा, फ्री बेसिक्स वाचवा. वर्तमानपत्रांत पान पान जाहिराती आल्या. लाखांनी मेल गेले. ट्रायनं ते उघडून पाहिले तर चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं, नुसता पाठिंबा. जानेवारी २०१६मध्ये ट्रायनं फेसबुकला धाडलेलं पत्र सरकारी पत्रव्यवहारात शोभून दिसावं असं आहे. सल्लामसलतीचं रूपांतर तुम्ही ओबडधोबड बहुमताच्या, घडवून आणलेल्या मतचाचणीत करताय, असा त्याचा मथितार्थ.

८ फेब्रुवारी २०१६ला निकाल लागला. मजकूर बघून डेटाचा दर बदलायला बंदी. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. दंडाची रक्कम मोबाइल कंपनीला चहापाण्याची वाटावी अशी, पण नियम स्पष्ट. फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन दोन दिवसांनी ट्विटरवर म्हणाले की वसाहतवादाला विरोध करून भारताचं आर्थिक नुकसानच झालं, आता थांबायचं कशाला. मग त्यांनी ते पुसलं, माफी मागितली, झकरबर्गनं हात झटकले. सप्टेंबरात जिओ आलं, काही महिने डेटा फुकट वाटला आणि गणेशसाठी मांडलेला सगळा युक्तिवाद बाजारानंच निकालात काढला.

ही इंदिरानगरची विजयकथा म्हणून सांगायची पद्धत आहे. मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. दहा लाख मेल पाठवणारे कोण होते? ज्यांच्याकडे आधीच इंटरनेट होतं ते. गणेशच्या वतीनं झकरबर्ग बोलला आणि गणेशच्या भल्यासाठी म्हणून शहरातली सॉफ्टवेअरवाली मुलं बोलली. मुलांचं म्हणणं बरोबर होतं, असं माझं आजही मत आहे. पण गणेशला दोन्ही बाजूंनी कुणी सल्लापत्र वाचून दाखवलं नव्हतं. सीआयएसमधले काही अभ्यासकही तेव्हा सावध होते. फुकट डेटाचा प्रत्येक प्रकार सरसकट बंद करणं योग्य आहे का, असं ते विचारत होते, आणि मित्रांची बोलणी खात होते.

सीआयएसचा पिंड मुळातच असा, घोषणेपेक्षा पुराव्याचा. २०११मध्ये सरकारनं मध्यस्थांसाठी नियम आणले. कुणीही तक्रार केली की संकेतस्थळानं ३६ तासांत हालचाल करायची. हे नियम अभिव्यक्तीला मारक आहेत, असं नुसतं म्हणता आलं असतं. सीआयएससाठी काम करणाऱ्या एका अभ्यासकानं प्रयोग केला. सात संकेतस्थळांना मुद्दाम सदोष तक्रारी धाडल्या. कायद्याचा आधार लंगडा, मागणी जास्तीची. सातांपैकी सहांनी मागितलं त्याहून अधिक काढून टाकलं. बातमीखालची एक प्रतिक्रिया काढा म्हटलं तर खालच्या सगळ्याच गेल्या. हा प्रयोग मला या साऱ्या वादाचं सार वाटतो. बंदी घालायला हुकूमशहा लागत नाही, घाबरलेली कंपनी पुरते. कोर्टकचेरीचा खर्च कंपनीच्या डोक्यात आधी येतो, आणि लिहिणाऱ्याचा हक्क कुणाच्याच डोक्यात येत नाही.

बंगळुरूत या प्रश्नावर एकच सूर आहे, असंही नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जयनगरात, ‘आयटी फॉर चेंज’ ही संस्था आहे. पर्मिंदर जीत सिंग आणि अनिता गुरुमूर्ती ही तिथली जुनी नावं. त्यांचा मुद्दा उलटा. सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि स्वयंसेवी संस्था अशा सगळ्यांना एका पंगतीला बसवून इंटरनेटचे नियम ठरवायचे, हे ऐकायला गोड आहे, पण पंगतीला गुगल आणि फेसबुक शेजारी बसले की वाढपी कुणाकडे आधी वळतो? म्हणून सार्वजनिक धोरण संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत, लोकांनी निवडलेल्या सरकारांनी ठरवावं. भारत सरकारनं ऑक्टोबर २०११मध्ये आमसभेत नेमका असाच प्रस्ताव मांडला होता, ५० देशांची एक समिती असावी म्हणून. देशातच त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढल्या काही वर्षांत तो प्रस्ताव थंड पडला. २०१२च्या दुबई परिषदेत नव्या दूरसंचार करारावर ८९ देशांनी सही केली, भारतानं केली नाही. २०१४मध्ये साओ पावलोच्या इंटरनेट परिषदेच्या जाहीरनाम्यालाही भारत राजी झाला नाही. जून २०१५मध्ये मात्र मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सगळ्यांना सामावणाऱ्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. राष्ट्रीय सुरक्षेत शेवटचा शब्द सरकारचा, ही पुस्ती जोडून. त्या पुस्तीतच सगळं आलं.

जयनगरवाल्यांच्या मुद्द्यात तेव्हा दम होता, कारण नावांच्या आणि क्रमांकांच्या जागतिक नोंदवहीची चावी खरोखरच अमेरिकेकडे होती. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था ती वही सांभाळायची, पण अमेरिकी वाणिज्य खात्याच्या कंत्राटाखाली. अमेरिकी हेरयंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं २०१३मध्ये अमेरिकी पाळत उघड केल्यावर ते कंत्राट टिकवणं अवघड झालं. ३० सप्टेंबर २०१६च्या मध्यरात्री ते संपलं. चार अमेरिकी राज्यं त्याआधी कोर्टात धावली होती, कोर्टानं त्यांना दाद दिली नाही. जगात कुठंही एकसुद्धा संकेतस्थळ बंद पडलं नाही. इतकी मोठी सत्ता इतक्या गुपचूप हस्तांतरित झालेली दुसरी घटना सांगणं कठीण.

त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक हैदराबादला भरली. खरं तर ती पोर्तो रिकोत व्हायची, झिका विषाणूमुळे हलवली. तारखा ३ ते ९ नोव्हेंबर २०१६. आठ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, आणि जगभरातून इंटरनेटचा कारभार ठरवायला जमलेल्या पाहुण्यांच्या पाकिटातल्या पाचशे-हजारच्या नोटांचे कागद झाले. हैदराबादचं नशीबच असं. २००८मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘इंटरनेट गव्हर्नन्स फोरम’ तिथं भरला, तो ३ डिसेंबरला, मुंबईवरच्या हल्ल्याला पुरता आठवडाही झाला नव्हता तेव्हा. खुल्या, निर्भय इंटरनेटची चर्चा त्या आठवड्यात धातुशोधक कमानींच्या आत झाली. राज्यसंस्था म्हणजे काय, हे कुठल्याही शोधनिबंधापेक्षा या दोन मुक्कामांनी प्रतिनिधींना नीट सांगितलं असावं.

आयकॅनच्या पंगतीत मराठीलाही पान मांडलेलं आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. २७ ऑगस्ट २०१४ला ‘.भारत’ हे देवनागरी नाव सुरू झालं, मराठीसकट आठ भाषांसाठी. पुढे जगाच्या मूळ नोंदवहीत कुठली देवनागरी अक्षरं चालतील याचे नियम करायला भारतीय लिप्यांचा एक अभ्यासगट बसला, त्यात पुण्याच्या सी-डॅकमधली मंडळी होती. हिंदीवाल्यांना ठाऊकही नसलेली अडचण तिथं आली: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. पत्त्यात दोन्ही एकसारखे धरले तर मराठी मेली, वेगळे धरले तर एखादा भामटा बँकेच्या नावात रफार फिरवून लोकांना लुटायला मोकळा. अशा बैठकांना पैसे नसतात, बातमी होत नाही, आणि तिथं जो मराठी जाणणारा बसलेला असतो त्याच्यावर आपलं सगळं अवलंबून असतं. या कारभारात मला सर्वांत जास्त कौतुक या लोकांचं वाटतं, मेल मोहीमवाल्यांपेक्षाही.

पण खरा जोर आता जिनिव्हा-हैदराबादेत राहिलेला नाही. तो उच्च न्यायालयांत आणि राज्यांच्या गृहखात्यांत आला आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रानं नियम केला की सरकारी कामाबद्दलची कुठली बातमी खोटी हे सरकारचाच विभाग ठरवील. विनोदकार कुणाल कामरा त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला. ३१ जानेवारी २०२४ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं फुटली. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबरला नियम घटनाबाह्य ठरवला. बंगळुरूत काटा उलटा फिरला. सरकारच्या बंदी-आदेशांविरुद्ध ट्विटरनं केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयानं ३० जून २०२३ला फेटाळली, वर कंपनीला ५० लाखांचा भुर्दंड. पुढे ‘सहयोग’ हे सरकारी पोर्टल आलं, ज्यावरून निरनिराळ्या खात्यांचे आणि पोलिसांचे अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर काढायला कळवू शकतात. त्याविरुद्धची ‘एक्स’ची, म्हणजे याच ट्विटरची, याचिका न्या. नागप्रसन्न यांनी २४ सप्टेंबर २०२५ला फेटाळली.

इथं माझी सहानुभूती अडखळते. इलॉन मस्कची कंपनी ही काही नागरी स्वातंत्र्याची वारकरी नव्हे. पण सदोष तक्रारींचा तो जुना प्रयोग आठवला की पोटात गोळा येतो. तेव्हा तक्रारदार अनोळखी होता, तरी सातांतल्या सहांनी हात वर केले. आता तक्रारदार पोलीस अधिकारी आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालच्या सरकारी बंदीची सगळी कागदपत्रं २००९च्या नियमांनुसार गोपनीय. ज्याचं लिहिलेलं गेलं, त्याला आदेशाची प्रत मिळेलच असं नाही.

आणि ज्या गणेशचं नाव घेऊन एवढं रामायण झालं, त्याच्या महाराष्ट्रात इंटरनेटचं काय होतं? मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना आणि बीड जिल्ह्यांत सेवा बंद केली गेली. २६ फेब्रुवारी २०२४ला छत्रपती संभाजीनगर जिल्हाही त्यात होता. अशा बंदीला ना आयकॅन लागतं ना संयुक्त राष्ट्रं. जिल्ह्यातून प्रस्ताव जातो, राज्याच्या गृहसचिवांची सही होते, मोबाइल कंपन्यांना आदेश पोचतो. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२०मध्येच बजावलं होतं, की असे आदेश प्रसिद्ध करा, कारणं द्या, बेमुदत बंदी चालणार नाही. आदेश प्रसिद्ध करणं नोव्हेंबर २०२४च्या नव्या नियमांत लिहिलंही आहे.

यावर तोडगा म्हणून एक नवी कल्पना फिरते आहे. सगळं इंटरनेट कशाला बंद करायचं? नेमकी चार ॲप बंद करा, पैसे देणं-घेणं चालू ठेवा. संसदेच्या स्थायी समितीनं डिसेंबर २०२१मध्ये हे सुचवलं, आणि ७ जुलै २०२३ला ट्रायनं त्यावर सल्लापत्र काढलं. त्याच पत्रात ॲपवाल्यांकडून मोबाइल कंपन्यांना पैसे मिळावेत का, हा २०१५चा प्रश्नही नव्या कपड्यांत परत आला. निवडक बंदी करायची तर आधी प्रत्येकाच्या फोनमधून जाणारी माहिती ओळखावी लागते, चाळावी लागते, आणि तशी यंत्रणा एकदा बसवली की ती दंगलीपुरती राहत नाही. तरी कुठली ॲप जगण्याला आवश्यक आणि कुठली दंगलीला, ही यादी अंबड किंवा गेवराई तालुक्यासाठी कुणीतरी करणारच आहे. सध्याच्या रचनेत ती मंत्रालयात होईल. तिथं तालुक्यातल्या कुणाला बसायला खुर्ची आहे का, हा प्रश्न त्या सल्लापत्रात विचारलेला नाही.